नवस बोलण्याआधी आजारी माणसाला विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, त्यांनी विचारलं होतं की आजारी माणसाला "आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय" म्हटलं तर देव न मानणाऱ्यांना राग का येतो, दोन मायेचे शब्दच तर असतात, घ्यायला काय जातं. प्रश्न चांगल्या मनाने विचारलाय हे वाचताना कळत होतं म्हणूनच उत्तर लिहायला बसले. मी देव मानत नाही, कॉलेजात होते तेव्हापासून मानत नाही. मागच्या वर्षी मला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं, आता बरी आहे, तपासण्या चालू आहेत. त्या सगळ्या काळात नातेवाईक, शेजारी, बँकेतले जुने सहकारी, सोसायटीच्या भजनी मंडळातल्या बायका, कोणी ना कोणी रोज देवाला साकडं घातल्याचं सांगत होतं. तेव्हा जे वाटलं ते जसंच्या तसं लिहिते.

पहिलं म्हणजे राग येत नाही हो. निदान बहुतेक वेळा नाही. समोरचा माणूस काळजीने बोलतोय हे दिसत असतं, घशात आवंढाही येतो कधी कधी, फक्त त्या वाक्याला उत्तर काय द्यायचं ते कळत नाही. "देवाची कृपा" म्हणावं तर मी खोटं बोलते, "मी मानत नाही" म्हणावं तर समोरच्याचं तोंड एवढंसं होतं, आणि सलाइन लावलेल्या माणसाच्या अंगात वाद घालायची ताकद कुठे असते, मग हसायचं, मान हलवायची आणि ते गेले की भिंतीकडे तोंड करून पडायचं. एकदा-दोनदा काही नाही वाटत पण रोज उठून तेच करायचं म्हणजे थकायला होतं, आधीच दमलेलं असतं माणूस.

आपल्याकडे देव न मानणारे आहेतच किती. प्यू रिसर्च सेंटरने २०२१ मध्ये भारतातल्या धर्माविषयी मोठा सर्व्हे छापला, जवळजवळ ३० हजार लोकांशी बोलून, त्यात ९७ टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं. २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींमध्ये नास्तिक म्हणून नोंद झालेले ३३ हजारांच्या आसपास निघाले. खरा आकडा जास्तच असणार, कारण आमच्याकडे माहिती घ्यायला आलेल्या सरांनी न विचारताच सगळ्यांपुढे हिंदू लिहिलं आणि मीही काही बोलले नाही, अशी कितीतरी घरं असतील. सांगायचं काय तर हॉस्पिटलच्या वॉर्डात आपल्यासारखं दुसरं कोणी भेटेल ही शक्यता जवळजवळ नसतेच. त्यातून बाई असली तर अजूनच. पुरुष देव मानत नसला तर लोक म्हणतात विचारांचे आहेत, वाचन दांडगं आहे. बाई मानत नसली तर घरातला दिवा कोण लावतं, संकष्टी कोण करतं, हळदीकुंकवाला येते की नाही, सगळं विचारून होतं. आमच्या घरी देवघर आहे, पूजा मिस्टर करतात, त्यांची श्रद्धा आहे, मला फुलं आणायला आवडतात म्हणून बाजारातून मी आणते, आमचं यावरून कधी वाजलेलं नाही. इंदूरच्या मराठी वस्त्यांमध्ये वाढलेली मी, गुरुवारी नाथ मंदिरात आरतीला गर्दी, दत्तजयंतीला पारायणं, गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं, अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, हे सगळं माझंही आहे, त्याचा मला तिटकारा नाही. कोणी "तू अंनिसवाली का" असं खवचटपणे विचारतं तेव्हा मी सांगते की नाही, पण दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुद्धा देव मानणाऱ्यांच्या विरुद्ध कधीच नव्हती, फसवणुकीच्या आणि शोषणाच्या विरुद्ध होती, आणि तेवढ्यासाठी त्या माणसाला २०१३ मध्ये पुण्यात गोळ्या घालून मारलं.

आता प्रार्थनेचं. मला यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दिसल्या आणि लोक त्या एकाच टोपलीत टाकतात.

आमच्या शेजारी एक काकू राहतात, ऐंशीच्या पुढच्या. केमोनंतर पहिल्यांदा भेटायला आल्या तेव्हा खुर्चीत बसून म्हणाल्या, "हे बघ, मी रोज मारुतीपुढे तुझं नाव घेते. तू मानत नाहीस ते मला माहितीये, पण मी नाही घेतलं तर मला झोप लागणार नाही, म्हणून घेते. उद्या डब्यात काय देऊ ते सांग, तोंड आलंय ना तुला, मुगाची पातळ खिचडी जाईल का?" मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडून काही मागितलं नाही, मी मान हलवावी, हात जोडावे, डोळ्यात पाणी आणावं, काहीच नाही. प्रार्थना त्यांची होती, त्यांच्या काळजीसाठी होती, आणि खिचडी माझ्यासाठी होती. केमोत तोंडाची आतून सालपटं निघतात, पोह्यावरची शेव सुद्धा काचेसारखी लागते, हे त्यांनी कोणाला तरी विचारून घेतलं होतं. नंतर किती दिवस त्या डबा पाठवत राहिल्या, बिनतिखटाचा, कोमट, वरून साजूक तुपाचा थेंब.

दुसरीकडे आमच्या घराण्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिथे कोणीतरी माझ्या आजाराचं नाव, स्टेज, ऑपरेशनची तारीख सगळं टाकलं, मला न विचारता, आणि खाली लिहिलं की सगळ्यांनी रोज ११ वेळा रामरक्षा म्हणायची आणि आकडा टाकायचा. मग आकडे पडायला लागले, ११ झाले, माझे २१, आमच्याकडून ५१, हात जोडलेले, दिवे, फुलं. पुण्याच्या, बडोद्याच्या, ग्वाल्हेरच्या, ज्यांना मी लग्नकार्यातच भेटलेय अशा लोकांना माझ्या छातीत काय निघालं ते कळलं. मी रात्री झोप येत नाही म्हणून ते वाचत बसायचे. वाईट हेतू एकाचाही नव्हता, मला ठाऊक आहे. पण त्या आकड्यांत मी कुठे आहे असं वाटायचं, कारण इतक्या जणांत फोन करून "काय गं, कशी आहेस, भीती वाटतेय का" असं विचारणारे अगदी मोजके निघाले. ज्यांनी आकडा टाकला त्यांना आपलं काम झालं असं वाटलं असावं. मला खरं दुखलं ते इथे, प्रार्थना केली म्हणून नाही, प्रार्थना केली आणि तिथेच थांबले म्हणून.

अमेरिकेत यावर अभ्यास झालेत. २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात फ्लोरेन्स नावाचं मोठं चक्रीवादळ आलं, त्यानंतर लिंडा थुनस्ट्रोम आणि शिरी नॉय या दोघींनी तिथल्या चारशेहून जास्त लोकांना थोडे पैसे दिले आणि विचारलं की कोणी तुमच्यासाठी प्रार्थना करावी यासाठी यातले किती द्याल, किंवा करू नये यासाठी किती द्याल. ख्रिश्चन लोक पाद्रीच्या प्रार्थनेसाठी सात डॉलरच्या वर द्यायला तयार होते, अनोळखी ख्रिश्चन माणसाच्या प्रार्थनेसाठी चारच्या वर. आणि देव न मानणारे किंवा शंका असणारे लोक अनोळखी माणसाने आपल्यासाठी प्रार्थना करू नये म्हणून साधारण साडेतीन डॉलर द्यायला तयार होते. पाद्रीने करू नये म्हणून मात्र त्याच्या निम्म्याहूनही कमी. २०१९ मध्ये हा अभ्यास छापून आला. मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही माझ्या एकटीची खोड नाही, माझ्यासारखी माणसं पदरचे पैसे मोडून हे टाळायला तयार आहेत. पाद्रीचं तेवढं का खुपत नाही तेही मला समजतं, त्याचं ते कामच आहे, तो सगळ्यांसाठी करतो. अनोळखी माणसाने येऊन तुझ्यासाठी करतो म्हटलं की आपल्याकडून काहीतरी अपेक्षा आहे असं वाटतं.

दुसरा अभ्यास अजून जुना, २००६ चा, हर्बर्ट बेन्सन नावाच्या डॉक्टरांचा. सहा हॉस्पिटलं, बायपास झालेले १८०२ पेशंट, तीन गट. दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, आणि प्रत्यक्षात एकासाठी केली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला स्पष्ट सांगितलं की तुमच्यासाठी नक्की होणार आहे, आणि केली. ऑपरेशननंतरच्या महिन्यात काहीतरी गुंतागुंत झालेले पेशंट पहिल्यात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. ज्यांना नक्की माहीत होतं त्यांच्यात ५९ टक्के. आता यावरून प्रार्थनेने नुकसान होतं असं मी म्हणणार नाही, तो योगायोगही असू शकतो असं तेव्हा अभ्यास करणाऱ्यांपैकीच काहींनी म्हटलं होतं. पण त्यांनी अजून एक शंका काढली होती की पेशंटला वाटलं असेल, माझी तब्येत इतकी खराब आहे का की प्रार्थनेची फौज बोलवावी लागली. हे वाचून मला आमचा ग्रुपच आठवला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री महामृत्युंजय जप चालू केल्याचा मेसेज आला होता, जो आपल्याकडे साधारण कधी करतात ते सगळ्यांना माहितीये, आणि मी तो मेसेज वाचून पहाटेपर्यंत जागी होते. करायचाच होता तर करायचा होता, मला कशाला कळवायचं.

आता धाग्याची गोष्ट, ही जरा सविस्तर सांगते कारण इथे प्रश्न नुसता वाटण्याचा राहत नाही. माझं ऑपरेशन डाव्या बाजूचं, त्यात काखेतले नोड्स, म्हणजे लसिका ग्रंथी, काढलेले. असं झालं की त्या हाताला जन्मभर जपायला सांगतात, त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, इंजेक्शन नाही, घट्ट बांगडी नाही, काही आवळून बांधायचं नाही, कारण हाताला सूज येऊ शकते आणि ती एकदा आली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही, लिम्फेडेमा म्हणतात त्याला. तिसऱ्या दिवशी एक जवळच्या नातेवाईक बाई आल्या, त्यांनी कुठून तरी मंतरलेला लाल धागा आणला होता आणि सवाष्णीने डाव्या हाताला बांधायचा म्हणून, मी गुंगीत असताना, त्याच हाताला सात वेढे मारून घट्ट गाठी मारल्या. मला कळलं तेव्हा बोटं जड झाली होती. सिस्टर आली, तिने काही न बोलता कात्री आणली आणि धागा कापला. हे त्या बाईंना कळलं आणि त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, अपशकुन केला म्हणून. मला त्यांचं प्रेम नाकारायचं नाहीये, त्या भर उन्हात टेंपोने घामाघूम होऊन आल्या होत्या. पण हात माझा होता ना. एवढंच विचारायचं होतं की बांधू का आणि कुठल्या हाताला बांधू. तसंच तीर्थाचं, केमोत पांढऱ्या पेशी खाली गेल्या की कच्चं काही नको, न उकळलेलं पाणी नको असं डॉक्टर बजावून सांगतात आणि इथे तोंडात पंचामृताची पळी येते. नाही म्हटलं की आजारी माणूसच हट्टी ठरतो.

मग नवस. प्रार्थना आणि नवस यात मला फार मोठा फरक वाटतो आणि यावर आपल्यात कोणी बोलत नाही. माझ्या नणंदेने खजराण्याच्या गणपतीला जाऊन माझ्यासाठी उलटं स्वस्तिक काढलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, तिथे मंदिरात मागच्या भिंतीवर इच्छा धरून उलटं स्वस्तिक काढायची पद्धत आहे, इच्छा पुरी झाली की परत येऊन सुलट काढायचं. माझी नणंद फार गुणी, हॉस्पिटलात सगळ्यात जास्त रात्री तिनेच काढल्या, तिचं ऋण मला फेडता येणार नाही. पण तिने बोलताना बोललं होतं की वहिनी स्वतः येऊन सुलट काढेल. म्हणजे नवस तिने बोलला आणि फेडायचा मी. मी बँकेत आयुष्य काढलेलं माणूस, मला हे माझ्या सहीशिवाय माझ्या नावावर कर्ज काढल्यासारखं वाटलं. आणि हे कर्ज असं की फेडलं नाही आणि पुढे कधी रिपोर्ट खराब आला तर सगळं घर माझ्याकडेच बघणार, माझ्यामुळे झालं म्हणून. हे ओझं आजारी माणसावर टाकणं बरोबर नाही, मग तो देव मानणारा असो की नसो. कितीतरी श्रद्धाळू बायका मी बघितल्यात ज्या दुसऱ्यांनी बोललेले नवस फेडण्यासाठी अशक्तपणात उज्जैन, ओंकारेश्वर, शेगाव करत फिरल्या, नाही म्हणायची सोय नव्हती म्हणून.

शेवटी मी नणंदेला सरळ सांगितलं की तुझा नवस आहे, तू फेड, मला त्या भिंतीवर काही काढायला सांगू नकोस, मी काढलं तर तुझ्या गणपतीशी पण खोटं आणि माझ्याशी पण. ती रडली. मग म्हणाली, बरं, पण सोबत तरी ये. मी गेले. ती आत गेली, मी बाहेर फुलांच्या दुकानांपाशी थांबले, ती कपाळाला शेंदूर लावून हसत आली, मग आम्ही पोहे-जिलबी खाल्ली, तिखट चालायला लागलं होतं तोवर. आमच्यात आता काही बाकी नाही.

श्रेयाचं पण बोलायलाच हवं. अमेरिकेत डॅनियल डेनेट म्हणून तत्त्वज्ञ होते, देव न मानणारे, २००६ मध्ये त्यांची महाधमनी फाटली, नऊ तास ऑपरेशन चाललं, वाचले. नंतर त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात सर्जन, नर्सेस, एक्सरे काढणारे, जेवण आणणारे, खोली साफ करणारे, कपडे धुणारे अशा सगळ्यांचे आभार मानले, आणि प्रार्थना केली म्हणणाऱ्या मित्रांबद्दल लिहिलं की मला त्यांना माफ करावं लागलं. मला हे शेवटचं फार कडक वाटतं. मी नसतं लिहिलं. माफ करण्यासारखं काय केलंय त्यांनी. पण पहिला भाग मात्र शंभर टक्के पटतो. रिपोर्ट चांगला आला तेव्हा आमच्याकडे जो येईल तो म्हणायचा, महाराजांनी तारलं, गणपती पावला. आणि माझ्या डोळ्यासमोर ती केरळची सिस्टर यायची जिला माझी शीर सापडेना तर स्वतःच्या तळहातांनी माझा हात शेकून मग सुई लावायची. प्लेटलेट्स पडल्या तेव्हा रात्री साडेअकराला बाइकवर येऊन मशीनवर दीड-पावणेदोन तास पडून राहिलेला मुलगा, ज्याचं माझं काही नातं नाही. त्यांचं नाव कोणीच घेत नव्हतं. देवाचे आभार माना ना, जरूर माना, पण त्या मुलाला एक फोन तरी करा, माझ्या नातेवाईकांपैकी एकानेही केला नाही, मिस्टरांनी आणि मी केला.

आणि सगळ्यात जास्त लागतं ते "आता तरी मान". हे प्रार्थना करतो म्हणणाऱ्यांपैकी थोडेच लोक म्हणतात पण म्हणतात. एवढं झालं, आता तरी हात जोड. किंवा मी देवाला रोज सांगते की तिला सद्बुद्धी दे. एकीने तर आजार हा इशारा आहे असंच सांगितलं, मी खाटेवर, डोक्यावर केस नाहीत, उलटीची वाटी हातात, आणि ती सांगतेय की तू काही करत नाहीस म्हणून घराला भोगावं लागतं. माझ्या मुलीसमोर. ही प्रार्थना नाही. माणूस सगळ्यात कमजोर असताना त्याला वाकवायचं ही काय माया आहे? भगतसिंगांना १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात कोणीतरी असंच सांगितलं होतं की शेवटच्या दिवसांत तूही मानायला लागशील. ते म्हणाले की नाही, तसं केलं तर ते मला माझं स्वतःचं खाली पडणं वाटेल, स्वार्थासाठी मी प्रार्थना करणार नाही. समोर फाशी दिसत होती, वय तेवीस. माझी त्यांच्याशी बरोबरी करायची लायकी नाही, पण त्या खाटेवर पडून मला ते मनापासून समजलं. मी जन्मभर जे खरं मानलं ते भीतीपोटी सोडलं असतं तर कॅन्सरने माझं अजून काहीतरी नेलं असतं.

डॉक्टरांबद्दल पण एक. आमच्याकडे कितीतरी दवाखान्यांत पाटी असते की हम इलाज करते हैं, ठीक वो करता है. देव मानणाऱ्या पेशंटला तिचा आधार वाटत असेल, मी नाकारत नाही. पण मी विचारलं होतं की या स्टेजला पाच वर्षांचं काय प्रमाण असतं, तर उत्तर आलं, "आंटी, हम तो कोशिश करते हैं, बाकी ऊपरवाले पे छोड़ दो." मला वरचा कोणी नाही हो, माझ्यासाठी तुम्हीच शेवटचे आहात, असं मी हिंदीत जमेल तसं सांगितलं. त्या तरुण डॉक्टरने एक क्षण बघितलं माझ्याकडे, मग खुर्ची ओढली आणि कागद घेऊन सगळं नीट समजावलं, कुठलं औषध कशासाठी, परत येण्याची शक्यता किती, कशावर लक्ष ठेवायचं. त्या रात्री मला नीट झोप लागली. प्रत्येकाला धीर वेगळ्या गोष्टीने येतो, मला माहितीने येतो.

माझ्यासारखे विचार असणाऱ्यांनाही एक सांगायचंय. देव मानणाऱ्यांकडे दुसऱ्याच्या दुःखात म्हणायला एक तयार वाक्य असतं, आपल्याकडे नसतं, म्हणून आपण पुष्कळदा गप्पच बसतो आणि ते जास्त वाईट. आणि म्हाताऱ्या बाईने मायेने नाव घेतलं तर तिला तिथे विज्ञान शिकवायला जाऊ नये. या पावसाळ्यात आमच्या त्याच काकू घरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी रात्री सोबतीला होते. चष्मा घरी राहिलेला, पुस्तक उशाशी, दुखत होतं, म्हणाल्या, "तू वाचून दाखवशील का गं रामरक्षा? तुला चालेल ना?" मी वाचली, सगळी, मोठ्याने, उच्चार चुकले तिथे त्यांनी डोळे मिटूनच दुरुस्त केले. माझ्यासाठी ती प्रार्थना नव्हती, त्यांच्यासाठी होती, आणि आम्हा दोघींना ते माहीत होतं. त्यांनी मला विचारलं होतं, हेच तर मी इतका वेळ सांगतेय.

तर ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनी खुशाल प्रार्थना करावी. ती मनात केली तर कोणाची हरकत असायचं कारणच नाही. सांगायची असली तर काकूंसारखी सांगावी. आजाराचं नाव कुठल्या ग्रुपवर टाकू नये, अंगाला काही बांधायचं, लावायचं, तोंडात घालायचं तर आधी विचारावं आणि नाही म्हटलं तर नाही, नवस बोललाच तर तो आपला आपण फेडावा.

आणि संपादक महोदय, तुमच्याकडे एक विनंती. तुमच्या शहराच्या पानावर पारायणाच्या, सामूहिक जपाच्या, रुग्णांच्या स्वास्थ्यासाठी होणाऱ्या अनुष्ठानाच्या सूचना रोज येतात, त्या येऊ द्या, लोकांना हव्या असतात. त्याच्या शेजारी एक छोटी चौकट प्लेटलेट्स द्यायला तयार असणाऱ्यांसाठी आणि हॉस्पिटलात रात्रीच्या सोबतीला येऊ शकणाऱ्यांसाठी द्याल का? प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे देणारे सतत नवे लागतात, आणि ज्यांची मुलं पुण्या-बेंगळुरूला किंवा परदेशात आहेत अशी म्हातारी जोडपी आपल्या मराठी वस्त्यांमध्ये भरपूर आहेत, त्यांना आठवड्याभरानंतर रात्रीला माणूस मिळत नाही. नावं गोळा करायचं आणि फोन करून खात्री करून घ्यायचं काम मी करायला तयार आहे. माझा नंबर या पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नये.

आपली,
एक वाचक
राजेंद्र नगर, इंदूर